चार ते पाचचा तास

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार

पटावर एकोणसाठ. वर्गात अकरा. त्यातले तिघं पंख्याखाली बसायला आलेले!

'राजकीय सिद्धांताची ओळख' — हा पेपर शिकवायचं माझं बारावं वर्ष. राज्य म्हणजे काय, विचारलं. शिवराज उभा राहिला, "तलाठी, सर." वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण उत्तर फारसं चुकलेलं नव्हतं. मग फळ्यावर भूप्रदेश, लोकसंख्या, शासन, सार्वभौमत्व. मागून प्रश्न — "किती मार्काला हाय?"

घसा बसलाय. सकाळी दुसऱ्या एका कॉलेजवर तीन तास, मग धावत इथं. चार ते पाच, शेवटचा तास. घरी येऊन नुसता पडलो.

८ ऑगस्ट, गुरुवार

साडेचारला ती आजही उठली. शिवकन्या, पहिल्या बाकावरची, तामलवाडीकडून येते. सत्ता आणि अधिकार यांतला फरक सांगत होतो, अगदी रंगात आलो होतो — हिनं वही मिटली, मान खाली घातली आणि चालली! रोजचंच. "येऊ का सर" एवढंही नाही.

हजेरी मी शेवटी घेतो. सुरुवातीला घेतली की पोरं 'हजर' म्हणून मागच्या दारानं पसार. म्हणजे हिची रोज गैरहजेरी. लागू दे. माझं काय जातंय?

१३ ऑगस्ट, मंगळवार

'संमती' हा धडा. तोंडी सांगून काही डोक्यात शिरत नाही, म्हणून वर्गप्रतिनिधीची निवडणूक लावली. अर्ज, माघार, चिठ्ठ्या, गुप्त मतदान — सगळं रीतसर. शुक्रवारी मतदान. दोनच अर्ज आले. शिवराज आणि — शिवकन्या! अर्धा तास बसणारी प्रतिनिधी होणार म्हणे.

घरी बुटाचा खोका फाडून मतपेटी केली. माझी मास्तरीण बायको आफरीन म्हणाली, "स्वतःच्या शाळेचं सोडून आता तुमच्या कॉलेजची हस्तकलाबी मीच करू का?" पण चीर तिनंच नीट पाडून दिली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

खोका नेला तो तसाच परत आणला. मतदान झालंच नाही! गेलो तर शिवराजच्या कपाळाला गुलाल आणि टेबलावर पेढे. "सर, बिनविरोध झालं. सकाळी कँटीनमागं बसून मिटवलं." कसं मिटवलं? "आमच्या गावात वीस वर्षं मतदान न्हाय, सर. बसायचं, बोलायचं, एकानं मागं सरायचं. भांडण न्हाय, तंटा न्हाय."

शिवकन्येची माघार एका ओळीत होती. खाली सही. कारण नाही. ती फळ्याकडं बघत बसली होती.

मी रागवायला हवं होतं. संमती शिकवायला घेतली आणि पोरांनी मतपेटीच उघडू दिली नाही. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं! मोजणी वाचली, दहा मिनिटं वाचली. कागदावर 'अभिनंदन' लिहून सही केली. पेढा खाल्ला.

साडेचारला ती उठून गेली.

२२ ऑगस्ट, गुरुवार

स्वातंत्र्य. नऊ जण.

३ सप्टेंबर, मंगळवार

विभागप्रमुख कल्याणप्पा सरांनी कमी हजेरीवाल्यांची यादी मागितली. पंचाहत्तर टक्क्यांच्या आत असलेल्यांच्या घरी पत्र जाणार. यादी करत बसलो. शिवकन्येपुढं सगळी शून्यं. पत्र घरी गेलं की बाप काय म्हणेल ते काय मला कळत नाही? 'जातच नव्हतीस, मग कशाला जातीस?' एवढंच. पोरगी घरी बसणार.

आफरीनला सांगितलं, तामलवाडीची एक पोरगी रोज अर्ध्या तासातून उठून जाते. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं बघितलं. "पूछे क्या उसकू कबी?" मग म्हणाली, "तामलवाडीची ना? तिला पावणेपाचची गाडी धरायची असंल. नंतरच्या जलद गाड्या फाट्यावर थांबत न्हाईत. पुढची साडेसहाला."

महिनाभर मी त्या पोरीला उद्धट समजत होतो. आणि त्याच वाटेवरच्या शाळेत जाणाऱ्या माझ्या बायकोला बसचं वेळापत्रक तोंडपाठ!

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. गुलाबाची फुलं आली. शिवकन्येला बाहेर बोलावलं. म्हणालो, तुझी हजेरी सगळी लावतो, यादीतून नाव काढतो, काळजी करू नको. मला वाटलं ती खुश होईल.

ती म्हणाली, "हजेरीचं बघा सर, पण मला तास पायजे. सगळंच निम्मं झालंय माझं. समता निम्मी, स्वातंत्र्य निम्मं. पुढचं कुणाच्या वहीत नसतंय, पोरं लिहीतच न्हाईत." साडेसहाच्या गाडीनं गेलं तर? "फाट्यावरून वस्तीपस्तोर अंधार पडतोय. आण्णा म्हणत्यात, अंधार पडला की कॉलेज बंद." तिच्यासारख्या आणखी चौघी आहेत त्या वाटेच्या. त्या माझ्या तासाला येतच नाहीत.

मग तू अर्ज मागं का घेतलास, विचारलं. तिनं खाली बघितलं. "असंच, सर."

६ सप्टेंबर, शुक्रवार

शिवराजला गाठलं. आधी 'न्हाय, तसं काय न्हाय'. मग बोलला. शिवकन्या प्रतिनिधी होऊन एकच मागणी करणार होती — हा तास सकाळी अकराला घ्या. "पर सकाळी तुमी तिकडच्या कॉलेजला असता, सर. म्हंजे तास दुसऱ्याला जाणार. तुमी तासिकेवरचे, जेवढे तास तेवढाच पगार. एक तास गेला की हळूहळू सगळंच जातंय. आमी तिला म्हणलं, सरांच्या पोटावर पाय कशाला? ती मग व्हय म्हणली."

म्हणजे माझ्यासाठी! कँटीनमागं बसून या पोरांनी मला वाचवलं, आणि किंमत तिनं मोजली. आणि मी पेढा खाल्ला. लाज वाटली. अजून वाटतेय.

९ सप्टेंबर, सोमवार

कल्याणप्पा सरांकडं गेलो, तास अकराला घ्या म्हणालो. ते समजुतीनंच बोलले. "मुनवर सर, शेवटचा तास तुमच्या सोयीनं ठेवला होता. अकराला हलवायचा तर मलाच घ्यावा लागेल. तुमचे दुसरे दोन तास आहेत. पण पुढच्या वर्षीचा शब्द मी देऊ शकत नाही. विचार करा."

बाहेर पायरीवर बसलो. बारा वर्षांत माझा म्हणावा असा हा एकच पेपर. बाकी सगळं नुसतं भरून काढायचं काम. थकलोय, कंटाळलोय, रोज शिव्या देतो या तासाला — आणि सोडायची वेळ आली तर हात हलेना!

मग आत जाऊन तास अकराला हलवण्याचा अर्ज लिहिला.

आफरीनला रात्री सांगितलं. तिनं ताट वाढलं. मग म्हणाली, "पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. जेवून घ्या."

१९ सप्टेंबर, गुरुवार

अकराचा पहिला तास आज झाला. पाचही जणी होत्या. शिवराज सांगत होता, शिवकन्या घंटा होईपर्यंत बसली. न्याय हा धडा होता. कल्याणप्पा सरांनी शिकवला.