यंदाचं हेरिंग

प्रिय टोर्केल,

शनिवारी तुझ्या बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. संध्याकाळी तू फोन केलास तेव्हा मी "सगळं छान झालं" म्हणाले आणि भांडी पडलीत असं सांगून ठेवून दिला. खोटं बोलले रे. आज बाबा शेजारच्या बिर्येरबरोबर धक्क्यावर गेलेत, तासभर तरी येणार नाहीत, म्हणून खरं काय ते लिहायला बसलेय. फोनवर जमलं नसतं. मी रडले असते आणि तू वैतागला असतास.

आठ पाहुणे बोलावले होते. मंगळवारपासून माझी धावपळ. सॅमन मासा मीठ, साखर आणि शेपूत दाबून ठेवला, वर तुझा तो जाडजूड शब्दकोश वजनाला. (ओरडू नकोस, कागदात गुंडाळला होता.) डुकराच्या मांसाची जेलीतली वडी केली, बीटची कोशिंबीर केली, अंडी उकडली. बिर्येरची माइकेन मदतीला आली आणि नेहमीप्रमाणे मदत कमी नि टोमणे जास्त. "आठ माणसांना तीस अंडी? गावजेवण घालतेस काय ग?" मी म्हटलं, "तुझा नवरा येणार आहे ना, मग तीसही पुरायची नाहीत."

पण व्हिनेगरात मुरवलेलं हेरिंग मात्र बाबांचं. तुला माहीतच आहे, या घरात बाकी सगळं मी करायचं आणि हेरिंगला हात लावायचा नाही. बुधवारी त्यांनी खारवलेले ते मासे पाण्यातून काढले, कांदा चिरला, पातेलं ओट्यावर घेतलं आणि तिथेच उभे राहिले. "एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर," म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तीन कशाचे ग?" पन्नास वर्षं हा माणूस झोपेतसुद्धा ते प्रमाण बडबडत आलाय. मी म्हटलं, "पाण्याचे, स्टूरे." ते हसले. "तेच ते. तुझी परीक्षा घेत होतो." मीही हसले. गेलं वर्षभर मी अशीच हसतेय, टोर्केल. चष्मा फ्रीजमध्ये सापडला की हसायचं, एकच गोष्ट चौथ्यांदा सांगितली की पहिल्यांदा ऐकल्यासारखं करायचं. आणि तुला फोनवर सांगायचं, बाबा ठणठणीत आहेत. जानेवारीत डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव घेतलं. मी बाहेर येऊन बाबांना म्हटलं, वयोमानाने होतं तसं. गावात कुणाला कळू दिलं नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं धुक्यातून बोट घरी आणली, त्याच्याकडे लोकांनी कीव केल्यासारखं बघायचं, हे मला सोसलं नसतं.

शुक्रवारी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी बरणी उघडून एक तुकडा तोंडात टाकला. घशापर्यंत जाळ गेला. कॉफीच्या यंत्रातला क्षार काढायला ते दुप्पट कडक व्हिनेगर ठेवतो ना आपण, तीच बाटली त्यांनी घेतली होती. बाटल्या सारख्याच दिसतात हे खरं, पण बाबांनी आयुष्यात कधी चुकवली नव्हती. मी दुकानात पळाले, हेरिंगच्या दोन तयार बरण्या आणल्या, कपड्यांच्या साबणामागे लपवल्या. वाटलं, सकाळी गुपचूप बदलून टाकीन. पण सकाळपासून ते त्या बरणीपाशीच. झाकण उघडायचे, बघायचे, पुन्हा ठेवायचे. इतके खूश होते की माझे हातच उचलेनात.

आपल्याकडे पहिली ताटली हेरिंगची. ती टाळून कुणी दुसऱ्या माशाकडे किंवा मांसाकडे वळत नाही. आणि यजमानानं स्वतः केलेलं असेल तर नाहीच नाही. मी उभी राहून बघत होते. आठही जणांनी वाढून घेतलं. आठही जणांनी पहिला घास घेतला. माइकेनने डोळे मिटले. बिर्येरच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याने गिळलं, ग्लास उचलला आणि म्हणाला, "स्टूरे, यंदा झणझणीत झालंय रे!" आणि त्या माणसाने परत वाढून घेतलं. मग एकेकाने खाल्लं, टोर्केल. सगळ्यांनी. बटाटे लावून, पाव लावून, पण ताटलीत कुणी ठेवलं नाही. तेव्हा मला कळलं की गावाला कधीचंच ठाऊक आहे. लपवत होते ती मी एकटीच.

शेवटी बाबांनी घास घेतला. चावला. काटा हळूच खाली ठेवला. त्यांना समजलं. मी काही बोलणार, तोच त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मी दहा जणांचं मांडलं होतं, त्यांनी कधीतरी अकरावी ताटली ठेवली होती. म्हणाले, "टोर्केलला हे वाढू नका. त्याच्यासाठी मी उद्या नवीन करीन. कुठे राहिला ग तो? गाडी चुकली का?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांच्या देखत, ह्याच टेबलावर, सहा वर्षांपूर्वीच्या ख्रिसमसला तू म्हणाला होतास की बोट मला नको, मी उत्तरेला खाणीत चाललो. आणि बाबा म्हणाले होते, मग या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. मी त्या दिवशी गप्प बसले. दोघांपैकी कुणाचाच हात धरला नाही. ते माझं चुकलं, आणि ते मी आजवर तुला कधी सांगितलं नाही. शनिवारी मात्र मी बाबांना विचारलं, "टोर्केल येणार असं तुला कुणी सांगितलं, स्टूरे?" ते म्हणाले, "अग, माझा वाढदिवस आहे. तो का नाही येणार?"

तुझी एकच अट आहे, दर वेळी सांगतोस: बाबांनी माफी मागितली तर येईन. मी ती अट त्यांच्यापर्यंत कधी पोचवली नाही, म्हटलं आज ना उद्या ते आपणहून मागतील. आता ती माफी येणार नाही, बाळा. त्यांनी अडवून धरली म्हणून नव्हे. कशाची मागायची तेच त्यांच्याजवळ राहिलेलं नाही. ते भांडण आता एकट्या तुझ्याकडे आहे. काल सकाळी त्यांनी भिंतीवरच्या तुझ्या शाळेच्या फोटोसमोर उभं राहून मला विचारलं, हा मुलगा कुणाचा? मी उत्तर द्यायच्या आत त्यांना आठवलं. काल आठवलं. म्हणून हे पत्र. हातातलं काम टाक आणि ये, टोर्केल, ते तुला नावाने हाक मारतील तोवर ये.

तुझीच,
आई