माझ्या खुर्चीतला साक्षीदार

कडा, ता. आष्टी
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय तेजश्री,

घरात तू तेजू आहेस; परंतु आज तुझ्या एका आरोपाला उत्तर द्यायचे आहे आणि उत्तर देताना समोरच्या पक्षाचे पूर्ण नाव घ्यावे, ही माझी जुनी सवय. तू आईला पाठवलेला संदेश तिने मला वाचायला दिला. "बाबांना माझ्याशी बोलायचंच नसेल, तर दिवाळीला येऊन मी त्यांना कशाला अवघडवू?" असे तू लिहिले आहेस. आधार म्हणून तीन गोष्टी दिल्या आहेस. फोनवर मी 'हं' आणि 'बरं' यांच्या पलीकडे जात नाही. लगेच 'आईला देतो' म्हणून सुटका करून घेतो. आणि तुझ्या कामाविषयी वर्षभरात एकही प्रश्न विचारलेला नाही. तिन्ही गोष्टी मला मान्य आहेत. त्यांवरून तू काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही. तू वकिलीची सनद बाजूला ठेवून पुण्यात लोकांच्या खोल्यांचे ध्वनी सुधारायला गेलीस, हे मी अजून मनातून काढलेले नाही, असे तुला वाटते. तो निष्कर्ष का टिकत नाही ते मी क्रमाने सांगणार आहे. कृपा करून शेवटचे पान आधी वाचू नकोस. शाळेत असताना माझ्या टेबलावरची निकालपत्रे तू शेवटाकडून वाचायचीस आणि मग "हरलात की बाबा" असे जेवताना सगळ्यांदेखत जाहीर करायचीस, ते मी विसरलेलो नाही.

आधी तू पाठवलेल्या मायक्रोफोनचा अहवाल. गेल्या दिवाळीत तू बैठकीत दोन स्पीकर मांडून गेलीस, तेव्हापासून माझी तक्रार होती की त्यांतून गाणे ओल्या गोधडीआडून आल्यासारखे येते. तंबोरा वाजतो, पण त्याची झणक पोचत नाही. तबल्याच्या किनारीचा टणत्कार बोथट झाला आहे. गायिकेचा आवाज ओळखू येतो, शब्द कळत नाहीत. मी आईकरवी तुला कळवले की स्पीकर सदोष आहेत, परत घेऊन जा. त्यावर तू वाद घातला नाहीस. एक पार्सल पाठवलेस. आत पेन्सिलीएवढा बारीक मायक्रोफोन, लॅपटॉपला जोडायची यूएसबी वायर, छोटी तिपाई आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: "बाबा, पुराव्याशिवाय स्पीकरला दोषी धरू नका." ती ओळ वाचून मला झालेला आनंद तुला कळवायचा राहून गेला, तो आता कळवतो. सनद कपाटात असली तरी वकिली तुझ्या हातातून गेलेली नाही.

त्या मायक्रोफोनच्या माहितीपत्रातील एका गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबलो. प्रत्येक मायक्रोफोन कोणत्या सुराला किती चुकतो, हे तयार करतानाच मोजतात आणि त्याच्या क्रमांकाबरोबर त्या चुकीचा तक्ता देतात. तो तक्ता लॅपटॉपला आधी दाखवायचा, मग मोजणी. स्वतःचा दोष आधी जाहीर करून मग साक्ष देणारा साक्षीदार मला इतक्या वर्षांच्या वकिलीत एकदाही भेटला नाही. दुसरी सूचना तू अधोरेखित केली होतीस: मायक्रोफोन खोलीत कुठेही ठेवायचा नाही, ऐकणाऱ्याचे कान जिथे असतात नेमका तिथेच. म्हणून मी माझी वेताची खुर्ची बाजूला केली आणि तिच्या जागी, माझ्या कानांच्या उंचीवर, तिपाई उभी केली. माझी जागा कोणाला दिली, असे यापूर्वी एकदाच घडले होते. तू तिसरीत असताना त्या खुर्चीवर गुडघे टेकून बसलीस आणि मला खाली सतरंजीवर बसवून माझी उलटतपासणी घेतलीस. एरवी तू खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी राहून मला अग्रलेख वाचून दाखवायचीस. उजवा हात मला लिहायला मोकळा लागे, म्हणून तुझी जागा डावीकडे ठरून गेली होती.

पहिली मोजणी सुरू झाली. तुला ठाऊकच आहे, स्पीकरमधून एकच लांब सूर निघतो. जमिनीत घुमल्यासारखा सुरू होतो आणि चढत चढत शिट्टीच्याही वर जातो. आईने स्वयंपाकघरातून विचारले, "कुणाच्या अंगात आलं ओ?" पडद्यावर आलेख उमटला. खालच्या सुरांत बालाघाटासारखा डोंगर, त्याच्या शेजारी दरी. उघड्या भिंती, शहाबादी फरशी, वर स्लॅब. आपली बैठक खालचे सूर पकडून ठेवते आणि सोडत नाही, हे सिद्ध झाले. मला समाधान वाटले. स्पीकर निर्दोष सुटत होते, पण खोली दोषी ठरत होती. म्हणजे माझी तक्रार खरी होती, फक्त आरोपी बदलला.

मग तू फोनवर आईला सांगितल्याप्रमाणे उपाय झाले. शेतातल्या कापसाने गच्च भरलेली पोती कोपऱ्यांत एकावर एक रचली. भिंतींसाठी सिदू धनगराकडून घोंगड्या मागवल्या. हा तोच सिदू, ज्याच्या मेंढरांच्या वाटेचा दावा तू माझ्या हाताखाली पहिल्यांदा वाचलास. तो स्वतः घोंगड्या घेऊन आला आणि मी त्या भिंतीवर ठोकतो आहे असे पाहून दारातच उभा राहिला. "वकीलसाहेब, आमी हे पांघरतो. तुमच्या भिंतीला लई थंडी वाजाय लागली का काय?" आई आतून म्हणाली, "भिंतीला न्हाई ओ सिदूभाऊ, त्यांच्या डोक्याला हवा लागली हाय." सिदूने खिळे धरले, मी हातोडी मारली, आणि जाताना तो पोत्यावर टेकून चहा प्याला. तेव्हापासून जो येतो तो खुर्ची सोडून कापसावरच बसतो. बैठकीची अब्रू गेली, परंतु डोंगर निम्म्यावर आला.

तरीही गाणे मला गोधडीआडूनच ऐकू येत होते. मी आणखी दोन घोंगड्या लावल्या. तेव्हा आलेखाची वरची बाजू खाली वाकली, कारण घोंगडी वरचे सूर गिळते आणि खालच्यांना फारसे अडवत नाही. चूक लक्षात येताच त्या काढल्या. पुन्हा मोजले, पोती सरकवली, पुन्हा मोजले. शेवटी एका सकाळी आलेख जवळजवळ सरळ आला. साक्षीदाराने सांगितले की या खुर्चीत बसणाऱ्याला आता सर्व काही ऐकू जाते. मी त्याला उचलून स्वतः खुर्चीत बसलो, तेच गाणे लावले, आणि तंबोऱ्याची झणक आली नाही.

आता एकाच जागेवर बसलेले दोन साक्षीदार परस्परविरुद्ध सांगत होते. मी अर्थातच दुसऱ्यावर, म्हणजे माझ्यावर, विश्वास ठेवला. माझा युक्तिवाद असा होता: कारखान्याचा भोंगा मला ऐकू येतो, ऊसतोडीच्या टोळ्यांना न्यायला आलेल्या ट्रॅक्टरांची घरघर रस्त्याच्या वळणापासून कळते, सिदूने बांधावरून हाक मारली तर मी ओ देतो, ज्याअर्थी हे सर्व ऐकू येते, त्याअर्थी कान शाबूत आहेत. एखाद्या नवख्या वकिलाने असा युक्तिवाद केला असता तर मी त्याला उभ्या उभ्या विचारले असते की बाबा रे, तू दिलेली सगळी उदाहरणे एकाच जातीची का? भोंगा, ट्रॅक्टर, हाक. सगळे खालचे सूर. वरच्या सुराचा एकही पुरावा मी दाखल केला नव्हता, आणि हे मला सुचले नाही.

पुरावा आईने दाखल केला. मोजणी परत एकदा चालवली होती. सूर चढत गेला आणि नेहमीच्या ठिकाणी संपला. पडद्यावरची रेघ मात्र पुढे चालत राहिली. ती रोजच तशी चालायची. सूर संपल्यावर लॅपटॉप मागे राहिलेले चित्र सावकाश पुरे करत असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. तेवढ्यात आई मेथी निवडता निवडता तशीच उठून दारात आली. दोन्ही हात कानांवर, बोटांत मेथीची पाने. "अहो, बंद करा की ते! कानात सुई घातल्यागत होतंय." तेजू, त्या वेळी माझ्यासाठी खोलीत संपूर्ण शांतता होती.

मी तिला खाली बसवले आणि विचारले, तुला अजून ऐकू येते आहे? ती हसली नाही, हे विशेष. म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या मोजायला मी तुम्हाला सांगायचं का म्हून सोडलं, कधी इचारलं का तुमी?" मी विचारले नव्हते. 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा' हे वाक्य घरातून केव्हा नाहीसे झाले ते मला सांगता येणार नाही. वयोमानाचा मान राखून मला त्या कामातून मुक्त केले, असे मी समजत होतो. वरण करपल्यामुळे झालेली ती बडतर्फी होती. तिला सारे ठाऊक होते. माझ्या मानी स्वभावाला जपून ती गप्प राहिली आणि टीव्हीचा आवाज मी वाढवला की निमूट उठून भाजी आतल्या खोलीत चिरायला नेऊ लागली.

त्यानंतर मी नगरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या पेटीत बसवून मोजले आणि जो कागद दिला त्यावरची रेघ एका जागेपासून कड्यावरून उतरल्यासारखी खाली गेली आहे. उजवा कान त्यातल्या त्यात बरा आहे. डावा, ज्याला मी आयुष्यभर फोन लावला आणि ज्याच्या बाजूला तू उभी राहायचीस, तो अधिक गेला आहे. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी समजावले की माणसाच्या बोलण्यात स्वर खालच्या सुरांत असतात आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजने वर; माझ्यापर्यंत स्वर पोचतात आणि व्यंजने वाटेत गळतात. म्हणून मला कोण बोलते ते कळते, काय बोलते ते कळत नाही. फोन उजव्या कानाला लावून पाहिला. थोडा फरक पडतो, पुरेसा नाही. समोर असणाऱ्याचे ओठ पाहून मी बरेचसे भरून काढत होतो, हेही तेव्हाच समजले. फोनवर तुझे ओठ दिसत नाहीत.

एवढ्यावर तुझ्या तीन मुद्द्यांचे उत्तर तूच लिहू शकशील. 'हं' आणि 'बरं' एवढेच म्हणत होतो, कारण तेवढेच चुकण्याचा धोका नव्हता. फोन आईला देत होतो, कारण तिने नंतर सांगितलेले मला पूर्ण कळायचे, तुझा फोन ठेवल्यावर मी तिला प्रत्येक शब्द विचारून घेतो, आणि ती वैतागून "आता कोर्टात उभं करता का मला?" म्हणते. तुला प्रश्न विचारले नाहीत, कारण फोनवर तुझे उत्तर मला उमगत नसे, त्याचा दोष मी फोनला देत होतो, आणि न ऐकता 'वा' म्हणणे मला जमत नाही. आता विचारतो. घरमालक मोठी काचेची भिंत काढायला तयार नसेल तेव्हा तू काय करतेस? मंगल कार्यालयाचे जे काम तुला मिळाले म्हणतात, तिथे माणसे भरल्यावरचा ध्वनी आधी कसा ठरवतेस? आणि लोक तुझे ऐकतात का, की तुझ्या साहेबांकडे पाहून बोलतात?

राहिले एकच, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. परवा तू आईला आवाजात एक निरोप पाठवलास. मी तो तिच्याकडून मागून घेतला, बैठकीतल्या स्पीकरवर लावला आणि मायक्रोफोन माझ्या खुर्चीच्या जागी ठेवला. पडद्यावर बोलण्याची उंची-खोली जशीच्या तशी हलताना दिसते. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. मला ऐकू आला तो तुझा हुंकारासारखा आवाज, भिंतीपलीकडून यावा तसा. पण पडद्यावर, त्या कड्याच्या पलीकडे, जिथे मला काहीच नाही, तिथे तुझ्या प्रत्येक वाक्यात बारीक काटे उठत होते आणि मिटत होते. तुझे सगळे बोलणे तिथे होते. तू काहीही कमी बोलत नव्हतीस. मी निरोप तीनदा लावला आणि तुझे बोलणे डोळ्यांनी पाहिले. ऐकण्याचे यंत्र घ्यायला डॉक्टरांनी सांगितले आहे. ते कानाप्रमाणे जुळवून घ्यावे लागते, कोणते सूर किती उचलायचे ते ठरवून. हे काम नगरच्या परक्या माणसासमोर एकट्याने बसून करायची माझी तयारी नाही. जी मुलगी इतरांच्या खोल्या दुरुस्त करते तिने या एका जुन्या खोलीसाठी चार दिवस काढावेत, असा माझा अर्ज आहे. मंजूर असेल तर फोन करू नकोस, लिहून कळव. कागदावर तुझे एकही अक्षर माझ्याकडून गळणार नाही. दिवाळीला ये. कापसाच्या पोत्यावर बसू नकोस. मी खुर्ची भिंतीपासून थोडी सरकवून उजव्या बाजूला जागा केली आहे, तिथे बस, आणि वर्षभराचे सगळे पहिल्यापासून सांग.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला, तुझाच

बाबा