जिना चढणाऱ्या कासवाची निरवानिरव

मी, श्रीमती मंदाकिनी दीनानाथ खांबेटे, वय वर्षे एकोणसत्तर, टेलिफोन खात्याच्या ट्रंक विभागातून ऑपरेटर म्हणून निवृत्त, राहणार शनिवार पेठ, पुणे, दुसरा मजला, लिफ्ट नाही, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी स्मृती शाबूत आहे. कुणाकुणाला ती जरा जास्तच शाबूत वाटते. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब टाकायला घरात दुसरं माणूस असावं लागतं. वकील श्री. बाळ करंबेळकर यांनी मला छापील नमुना आणून दिला होता, त्यातल्या रिकाम्या जागा फक्त भरायच्या होत्या. मला जे लिहायचं आहे ते त्या जागांत मावेना, म्हणून मी कोरे कागद घेतले आहेत. वकिलांना याचा त्रास होतो आहे, तो त्यांनी सहन करावा.

१. माझी राहती सदनिका माझा एकुलता एक मुलगा चि. अवधूत यास मिळावी. तो न्यू जर्सीत संगणकाचं काही करतो. काय करतो हे त्याने मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मी "हो का" म्हटलं. ही जागा विकून मी बाणेरला पोहण्याच्या तलावासकटच्या संकुलात राहायला जावं, असं तो दर रविवारी फोनवर सांगतो. मला पोहता येत नाही. माझ्या पश्चात त्याने जागा खुशाल विकावी. मी असेपर्यंत विषय काढू नये.

२. जुनी वास्तू पाडून १९९३ साली ही इमारत उभी राहिली, तेव्हा बिल्डरने लिफ्टसाठी जागा सोडली होती. लिफ्ट घ्यायची की नाही यावर सोसायटीची सभा झाली. तळमजल्यावर राहणारे चेअरमन मला म्हणाले, "खांबेटे वहिनी, जिना चढणं म्हणजे फुकटचा व्यायाम!" ठराव नामंजूर झाला. आज त्या जागेत तीन गंजलेल्या सायकली आणि एक फुटका कमोड आहे. माझ्या नावच्या सर्व ठेवी मी सोसायटीस देते, त्या एकाच अटीवर: माझ्या मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत तिथे लिफ्ट बसवावी. न बसवल्यास ठेवी अवधूतला जातील. लिफ्टमध्ये माझ्या नावाची पाटी नको. चेअरमनसाहेबांनी तळमजल्यावरून तळमजल्यापर्यंत तीत बसून हवं तितकं फिरावं.

३. आता घरातल्या वस्तू. यादी करायला बसलं की प्रत्येक ओळीला स्पृहा आठवते आणि डोकं उठतं, म्हणून आधी स्पृहा कोण ते लिहिते. चि. स्पृहा ही माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, वाईची. २००१ साली ती ॲनिमेशन आणि ग्राफिक डिझाइन शिकायला आमच्याकडे राहायला आली. ॲनिमेशन म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "काकू, जे हलत नाही ना, त्याला हलवायचं. सिंपल!" मी म्हटलं, मग तुझ्या काकांपासून सुरुवात कर.

कॉलेजने त्या मुलांना प्रेरणास्थानं शोधून त्यांची वही करायला सांगितली होती. आमच्या वेळी प्रेरणास्थान म्हणजे हार घातलेली तसबीर असायची, तिला नमस्कार केला की काम संपलं. हिने चार वर्षांत माझ्या घरातली एक वस्तू जागेवर राहू दिली नाही. लोणच्याच्या बरण्यांवरची माझ्या हातची लेबलं सोलून नेली. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या, का तर त्यावरचा निळा रंग तिला दुसरीकडे मिळत नव्हता. काड्यापेट्यांची चित्रं कापली, आतल्या काड्या वाटीत ओतून ठेवल्या. माझा ऑफिसातला जुना हेडसेट कानाला लावून आरशासमोर बसायची. मी ओरडले की ओरडतानाचा माझा हात काढायची. ओरडावं तरी कसं माणसाने?

४. माझे कै. पती पाटबंधारे खात्यात खडकवासल्याला होते. धरणाच्या पाण्याची रोजची पातळी लिहायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि सरकारी नोंदवहीशिवाय स्वतःची म्हणून एक वही ते वेगळी ठेवत. अशा एकतीस वह्या कपाटात आहेत. त्यातले त्यांचे आकडे पाहून स्पृहा वेडीच झाली. "काका, तुमचा सात बघा! कसला भारी सात आहे!" तो सात तिने मोठा करून भिंतीवर लावला. नोकरीभर ज्या अक्षराकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं त्याची ही वाहवा ऐकून हे इतके खूश झाले, की वाण्याची यादीसुद्धा सुशोभित करून लिहायला लागले. साबुदाण्याला वेलबुट्टी! मी वैतागून यादी स्वतः लिहायला घेतली. वह्या कुणाला द्यायच्या ते पुढे येईल.

५. शेवटच्या वर्षाला तिला फिल्म करायची होती. तिच्यात एक कासव जिना चढतं. कासव जिना का चढेल हे विचारायचं नसतं, असं मला सांगण्यात आलं. तर कासव कसं चालतं ते पाहायला काका-पुतणी लागोपाठ तीन रविवार कात्रजला सर्पोद्यानात गेले, बरोबर माझी थालिपिठं घेऊन. कासव तिन्ही रविवारी हललं नाही. तिसऱ्या रविवारी हे तिला म्हणाले, "त्याला बसू दे. मी चालून दाखवतो."

त्यानंतर गणपती ते दिवाळी रोज सकाळी हे दूध घेऊन जिना चढायचे आणि ती मैत्रिणीच्या कॅमेऱ्याने त्यांचं चालणं टिपायची. मला दोघांनी पत्ता लागू दिला नाही. मी ओट्याशी. मला फक्त चपलांचा आवाज यायचा. पहिल्या मजल्याच्या वळणावर चपला थांबायच्या. मला वाटायचं, उभे असतील कुणाशी तरी गप्पा मारत. मी ओरडायचे, "अहो, वर यायला मुहूर्त काढलाय का?" जरा वेळाने खालून उत्तर यायचं, "आलो, आलो." तीस वर्षं मी आवाज ऐकून माणसं ओळखण्याचा पगार घेतला. ट्रंक लाइनवर कुणी एवढा वेळ गप्प राहिलं असतं तर मी लगेच लाइन तपासली असती. घरात मला ते सुचलं नाही.

६. हे फेब्रुवारी २००५ मध्ये गेले. आमच्या पेठेतल्या डॉ. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "हृदयाची झडप खराब होती. सहा महिने आधी आणलं असतंत, तर ऑपरेशन करता आलं असतं."

मे महिन्यात स्पृहाच्या कॉलेजात मुलांच्या फिल्म दाखवल्या. मला पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर कासव आलं, पुढच्या पायात पिशवी. जिना चढायला लागलं. वळणावर थांबलं. वर बघितलं, रुमाल काढून मान पुसली, रुमाल घडी करून ठेवला, तोंड हसरं केलं आणि पुढे निघालं. सगळं सभागृह हसलं. मी ते चालणं ओळखलं, आणि तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या माझ्या नवऱ्याला धाप लागत होती हे मला त्या कासवाकडून कळलं.

मी बाहेर आले. स्पृहा मागे धावत आली. मी तिला म्हणाले, "तुला हे सगळं दिसत होतं. तू बसून चित्रं काढलीस आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस." ती नुसती तोंड उघडं टाकून उभी राहिली. मला वाटलं, चोरी पकडली गेली. म्हटलं, "उद्या सामान घेऊन जा." ती गेली. त्याला आता दोन वर्षं चार महिने झाले. ती गोरेगावला एका स्टुडिओत नोकरी करते असं दिरांकडून कळलं. तिचे फोन आले ते मी उचलले नाहीत. नंतर तेही थांबले.

वकील विचारतात, हे सगळं मृत्युपत्रात कशाला? मग कशात लिहू? वाचकांच्या पत्रव्यवहारात?

७. गेल्या महिन्यात या यादीसाठी मी माळा काढला. जुन्या गादीखाली स्पृहाची ती कॉलेजची प्रेरणास्थानांची वही सापडली. पहिली आठ पानं परदेशी चित्रपटवाल्यांची, मास्तरांना खूश करण्यापुरती. नवव्या पानापासून माझं घर सुरू होतं. बरण्या, पिशव्या, काड्या, सात, माझा ओरडतानाचा हात. आणि एका पानावर, "काका, जिना." बेचाळीस बारकी चित्रं, आणि खाली तिच्या अक्षरात लिहिलेलं, ते जसंच्या तसं उतरवते:

"काका वळणावर थांबतात. वर बघतात. मान पुसतात, शर्ट सारखा करतात, स्माइल आणतात, मग जातात. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी काकूंसमोर जायच्या आधी नीटनेटके होतात! सो स्वीट. माझ्या कासवाला हेच द्यायचं."

मूर्ख मुलगी. अगं, त्यांना धाप लागत होती.

म्हणजे तिलाही कळलं नव्हतं. मी तिला ज्या गोष्टीसाठी घराबाहेर काढलं ती तिने पाहिलीच नव्हती. ती उघड्या तोंडाने उभी राहिली कारण मी काय बोलते आहे ते तिला समजत नव्हतं. एकवीस वर्षांच्या मुलीने म्हाताऱ्याची धाप बघितली आणि तिला त्यात प्रेम दिसलं. मी बायको, मला फक्त उशीर ऐकू आला. मला राग माझाच आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो मी त्या पोरीच्या डोक्यावर ठेवला. महिनाभर मी ते पान पुन्हा पुन्हा पाहते आहे. ती साफ चुकली असंही आता मला म्हणवत नाही. दम लागलेला माणूस मान पुसून, हसू आणून वर येतो, तो कुणासाठी? चेअरमनसाठी नक्कीच नाही. मी स्पृहाशी वाईट वागले, हे मी पूर्ण शुद्धीत इथे नमूद करते.

८. ती वही, माझ्या पतींच्या एकतीस वह्या, सर्व बरण्या आणि हेडसेट हे सगळं चि. स्पृहा हिला मिळावं. अवधूतने हरकत घेऊ नये. वह्यांबद्दल त्याला विचारलं तेव्हा त्याने "स्कॅन करून ठेव" असं सांगितलं होतं, त्यामुळे त्याचा हक्क संपला आहे. साबुदाण्याची वेलबुट्टीवाली यादी मात्र माझ्याबरोबर जाळावी.

९. शेवटचं कलम. ती फिल्म माझ्याकडे नाही. ती घेऊन स्पृहाने या घरी यावं. अवधूतने पाठवलेलं डीव्हीडीचं यंत्र खोक्यातच आहे, ते तिने जोडून द्यावं. हे कलम मी मेल्यावर नाही, तर तिच्या हाती हा कागद पडेल त्या दिवसापासून लागू आहे. यावर वकील म्हणाले, "मंदाताई, कायद्यात असं बसत नाही हो. मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होतं."

"मग फिल्म कोण बघणार, तुम्ही?" असं मी त्यांना विचारलं. कलम आहे तसं राहील, आणि या मृत्युपत्राची एक प्रत आजच रजिस्टर टपालाने गोरेगावला जाईल.

स्पृहा, तुझे काका रोज त्या वळणावर थांबून वर बघत होते. ते हा जिना चढले त्या बारा वर्षांत मी एकदाही दाराबाहेर येऊन खाली बघितलं नाही. मला एकदा बघायचं आहे. ये.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोनदा वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. खालील दोघांच्या देखत सही करते.

सही: मंदाकिनी दीनानाथ खांबेटे

साक्षीदार:
१. डॉ. सत्यशीला भागवत, शनिवार पेठ. (मंदाकिनीबाई पूर्ण शुद्धीत आहेत. दोन मजले चढून आल्यामुळे मी पाच मिनिटं थांबून सही केली.)
२. मच्छिंद्र ढमाले, निवृत्त लाइनमन, टेलिफोन खाते. (रजिस्टर टपाल मी स्वतः टाकून येतो.)

स्थळ: शनिवार पेठ, पुणे
दिनांक: १४ सप्टेंबर २००७