पिवळ्या ओळी

३ मार्च, मंगळवार

तिसऱ्यांदा आपटलं! पाच तास कंपाइल चालू होतं, नव्वद टक्क्यांवर आलं आणि मेमरी संपली म्हणून सगळं बंद. मशीनला लाथ घातली. अंगठा सुजलाय. मशीन ढिम्म.

ताई दारातून म्हणाली, "मिस्त्री, त्याला कशाला मारतेस? मार खाल्लेल्या काय कमी आहेत या घरात?" बारा वर्षं झाली, ताई नवऱ्यांच्या तावडीतून सुटलेल्या बायका लपवतेय, आणि दर आठवड्याला तिचा एक विनोद ठरलेला. मला हसू आलं नाही.

सर्व्हरची नवी आवृत्ती चढवायलाच हवी. जुनीला भोक पडलंय — बाहेरचा माणूस आतलं वाचू शकतो असं जाहीरच झालंय. तयार पॅकेज आमच्या या म्हाताऱ्या मशीनवर बसत नाही, आणि बसलं असतं तरी मी घेतलं नसतं. तयार सगळे फोन नंबर मागतात. नवऱ्याला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, नंबर बरोबर पाठ असतो! म्हणून सोर्स कोड उतरवायचा, नंबर मागणारं कापून टाकायचं, फोटोतलं ठिकाण पुसणारा माझा तुकडा घालायचा आणि मग इथेच कंपाइल करून शिजवायचा. गप्पांचा सर्व्हर, पण घरचा.

कारण घरं दोन आहेत आणि नियम एक — इकडच्या बाईने तिकडचीचं तोंड बघायचं नाही. एकीला पकडून मारलं तर तिच्या तोंडून दुसरीचा पत्ता निघू नये. पण माणसाला बोलायला लागतंच. म्हणून सर्व्हरवर बोलायचं, टोपणनावाने. नवं खातं फक्त मी उघडणार, नाहीतर ताई.

५ मार्च, गुरुवार

झालं! मेमरी उसनी — दोन मेल्या मशीनच्या पोटातून काढून या तिसरीच्या पोटात. सकाळी नऊला लावलं, अडीचला संपलं.

पडद्यावर इशाऱ्यांच्या चार हजार पिवळ्या ओळी. ही पद्धत जुनी झाली, ती उद्या काढणार आहोत, हे आम्हाला पसंत नाही... सासूसारखी कुरकुर नुसती. पिवळं वाचत बसले तर इथेच म्हातारी होईन. लाल दिसलं तरच थांबायचं, वीस वर्षांचा माझा नियम.

आधी बॅकअप, मग जुना बंद, मग नवा चालू. जुनी सेटिंगची फाइल जशीच्या तशी ठेवली, तिला हात लावला नाही. उठताना नव्यानेही दहा-बारा पिवळ्या ओळी ओकल्या. उठला. तीन वाजता पहिला निरोप आला — "काकू, आता भराभर जातंय!" पंधरा मिनिटं मी महाराणी होते.

६ मार्च, शुक्रवार

शिवणवाली परत आली. दुसऱ्यांदा.

गेल्या वर्षी आली होती तेव्हा पोटुशी होती. आईने बाहेर कुठेतरी भेटून समजूत घातली, "बाळ आलं की सुधारेल तो." परत गेली. बाळ आलं, आता सात महिन्यांचं आहे. तो सुधारला नाही.

परवा त्याने तिची तर्जनी शिलाई मशीनच्या सुईखाली धरली आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. सुई नखातून आरपार. मोडून आत राहिली. आणि ही बाई आवाज न करता उभी राहिली, कारण बाळ नुकतं झोपलं होतं! हे तिने मला पट्टी बदलताना सांगितलं, कापडाचा भाव सांगावा तसं.

"आईला काही कळवू नका, काकू. गेल्या वर्षी तिनेच मला परत ढकललंय."

मी हो म्हटलं. नंतर मोरीत जाऊन नळ सोडला आणि दातओठ खात उभी राहिले. मी कधी कोणाला मारलेलं नाही. मार खाल्लाय, ते वेगळं. पण आज तो माणूस समोर असता तर त्याची दहाही बोटं मी त्या सुईखाली घातली असती, सावकाश, एकेक करून.

८ मार्च, रविवार

आज घरात कोणी रडलं नाही. नोंद करून ठेवते.

९ मार्च, सोमवार

सर्व्हरवर नवं नाव — "दुसरीकडची". तिकडच्या घरात नवी आली असणार. ताईने उघडलं असेल खातं. बरं झालं, तेवढंच माझं काम वाचलं.

चांगली बोलते. शिवणवालीशी जमलंय तिचं. बाळाबद्दल विचारत असते. शिवणवाली दुपारभर डाव्या हाताने टाइप करत बसली होती, एकदा तर चक्क हसली. हसताना ओठाची खपली निघाली.

१४ मार्च, शनिवार

दोनदा लिहून खोडलं. तरी लिहिते.

पुलाजवळच्या दवाखान्यात बाळाला लस द्यायला नेलं होतं शिवणवालीने, सकाळी अकराला. त्याने जिन्यात गाठलं. उंच माणूस, दोन ढांगांत वर आला म्हणे. तिने बाळ फेकलं — फेकलंच! — वरच्या पायरीवर कंपाउंडर होता, त्याने झेललं. मग नवऱ्याने तिला केसांना धरून खाली ओढलं. अकरा पायऱ्या. खाली फरशीवर तिचा उजवा हात पसरवला आणि बुटाच्या टाचेने मारत राहिला. कंपाउंडर सांगत होता, "आवाज येत होता हो... सुपारी फोडल्यासारखा."

तीन बोटं कामातून गेली. दोन बरगड्या. लोक मोबाइल धरून उभे होते. तो चालत निघून गेला, पळालासुद्धा नाही.

बाळ ठीक आहे.

१५ मार्च, रविवार

पोलीस येऊन गेला. "नवरा-बायकोचं भांडण आहे, बाई, मिटवून टाका." ताईने त्याच्या पुढ्यातला पाण्याचा पेला उचलला आणि परत आत नेऊन ठेवला. यापेक्षा मोठी शिवी मी तिच्याकडून ऐकलेली नाही.

शिवणवालीने दिलेल्या पत्त्यावर, घरीही तो आता नाही. नाहीसा झालाय. म्हणजे कुठेही असू शकतो.

प्रश्न एकच — त्याला शनिवार, अकरा वाजता, तोच दवाखाना, कळलं कसं? घरातल्या बायका एकमेकींकडे बघेनाशा झाल्यात. सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून स्वयंपाकवालीवर येतात, कारण भाजी आणायला रोज बाहेर जाते ती एकटी.

१६ मार्च, सोमवार

ताईला सहज विचारलं, "ती दुसरीकडची कोण गं?"

ताई म्हणाली, "मला काय ठाऊक? तूच उघडलंस ना खातं?"

"हो हो, विसरलेच," म्हटलं आणि वर आले. सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला. पाच तारखेपासून एकेक ओळ वाचली, जी त्या दिवशी वाचायला हवी होती.

सर्व्हर उठतानाच्या त्या दहा-बारा पिवळ्या ओळींतली सातवी — "'नोंदणी बंद' ही सेटिंग ओळखता आली नाही, दुर्लक्ष करत आहे." नव्या आवृत्तीत त्या सेटिंगचं नाव बदललंय. माझी जुनी फाइल जुन्याच नावाने सांगत होती दार बंद ठेव. नव्याला ते कळलं नाही. आणि काही सांगितलं नाही तर नवा दार उघडं ठेवतो, ज्याला यायचं त्याने यावं! चार दिवस दार सताड उघडं. नवव्या तारखेला सकाळी दहाला "दुसरीकडची" आत आली. कोणी विचारलं नाही, कारण आमचा नियमच तसा — तिकडचीला बघायचं नाही, विचारायचं नाही.

शुक्रवारी शिवणवालीने तिला लिहिलंय, "उद्या अकराला, पुलाजवळच्या दवाखान्यात लस आहे."

ते दार मी उघडं ठेवलं. त्याने टाच मारली, पण दार मी उघडं ठेवलं.

सेटिंग बदलली. नोंदणी बंद केली. ते खातं मात्र काढलं नाही. का, ते अजून ठरवलेलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

ताईने स्वयंपाकवालीला काढलं. ती म्हणाली, "ताई, माझ्या लेकराची शपथ घेते." ताई म्हणाली, "इथे शपथेवर नाही चालत, बाई." ती चप्पल घालून गेली. मागे वळूनही बघितलं नाही.

मी जिन्यात उभी होते. तोंड उघडलं असतं तर तिचं काम वाचलं असतं.

मग वर येऊन त्या दोघींच्या सगळ्या गप्पा वाचल्या. सगळ्या! काय गोड बोलतो हरामखोर! "बाळाला दात आले का गं?" "कुशीवर झोपतं की पालथं?" "हिरड्यांना मध लावू नकोस हं, एवढ्या लहान बाळाला चालत नाही." "तुझं बोट दुखतं का अजून?" बोटाचं विचारतो! स्वतः सुई घातली आणि विचारतो!

तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीवर मूठ मारली. भिंतीचं काही झालं नाही.

१८ मार्च, बुधवार

शिवणवालीला इस्पितळात भेटून आले. हाताला प्लास्टरचा गोळा बांधलाय. म्हणाली, "काकू, कात्री धरता येईल ना मला?"

"येईल की," म्हटलं. डॉक्टरने नाही म्हणून सांगितलंय.

तिथेच, तिच्या खाटेशी उभी असताना ठरलं माझं. पोलीस मिटवा म्हणतात ना? मी मिटवते.

१९ मार्च, गुरुवार

शिवणवालीचा पासवर्ड बदलला. मिस्त्रीला सगळ्यांच्या खोल्यांच्या चाव्या असतात. तिच्या नावाने "दुसरीकडची"ला लिहिलं —

"हात मोडलाय. इथे कोणावर विश्वास राहिला नाही. मला इथून निघायचंय. शनिवारी भेटशील का? एकटीच ये. बाळालाही आणते."

एका मिनिटात उत्तर! "येते. कुठे?"

जुन्या घराचा पत्ता दिला. दीड वर्षांपूर्वी सोडलं ते, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, किल्ली माझ्याकडेच आहे. लिहिलं, "सकाळी साडेदहा. दार नुसतं लोटलेलं असेल."

"येते गं. बाळाला नीट गुंडाळून आण, गार वारं सुटलंय."

काय अभिनय करतो! मी खदाखदा हसले. खालून ताईने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, मशीन."

२० मार्च, शुक्रवार

जुन्या घरात जाऊन आले. दाराच्या मागे उभं राहून पाहिलं. बाहेरच्या उजेडातून आत आलं की चार-पाच क्षण काही दिसत नाही. मला तेवढे पुरे.

मोरीतला जुना नळाचा पाईप काढून घेतला, दीड हात लांब, लोखंडी. तो उंच आहे, म्हणून हवेत माझ्या डोक्याच्या वर फिरवून बघितला. डोक्यावर नाही मारायचं, खांद्यावर. खांदा मोडला की हात उचलत नाही. मग खाली पडला की बोटं. उजव्या हाताची. मोजून.

ताईला सांगावं का? सांगायचं तर पिवळ्या ओळीपासून सांगावं लागेल. स्वयंपाकवालीचं सांगावं लागेल. हे आधी होऊन जाऊ दे, मग सांगते.

जेवण गेलं. छान भूक लागली होती, लाज वाटली.

२१ मार्च, शनिवार

नऊ वाजले. निघते. किल्ली घेतली.

२१ मार्च, दुपारी, इस्पितळाच्या बाकावर

शिवणवालीची आई होती.

बुटकी बाई आहे, माझ्या खांद्याला लागेल एवढी. मी पाईप त्याच्या खांद्याच्या अंदाजाने वरून खाली हाणला, तो तिच्या कानशिलावर बसला. फोन हातातच होता, आमच्याच गप्पा उघड्या. शुद्ध जायच्या आधी तिने सांगितलं — मुलगी बोलत नाही, म्हणून गेल्या वर्षी मुलीकडे पाहिलेल्या सर्व्हरवर टोपणनाव घेऊन आली होती. तिला नातवंड बघायचं होतं.

तो पलीकडच्या फूटपाथवर उभा होता. ताईकडे फोटो आहे, त्यावरून ओळखला. सासूच्या मागोमाग आला होता, ती लांबून नातवंड बघायला दवाखान्यात गेली तेव्हा आला तसाच. तिच्या डोक्यातून वाहणारं रक्त बघितलं, माझ्या हातातला पाईप बघितला आणि चालत निघून गेला.

डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. ताईला फोन केलाय, निघालीय.

दार लोटताना ती म्हणाली होती, "आणलंस का गं बाळ?" बाईचा आवाज. मला नीट ऐकू आला होता. तरी मारलं.