कुंपणाबाहेरची अपोलोनिया

मी, ओटिलिया फेटर, कै. कास्पर फेटर यांची पत्नी, वय एकोणऐंशी, धंदा शेती, राहणार सेंट वेंडेलिन, नॉर्थ डकोटा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस असावे लागते. यापूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर, कोठार व त्यातील सामान माझा एकुलता एक मुलगा लिओ, राहणार सिअ‍ॅटल, याला मिळावे. तो इथे राहायला येणार नाही, हे मी जाणून आहे. त्याने घर विकले तरी माझी हरकत नाही. दर रविवारी तो फोन करतो आणि न चुकता विचारतो, “आई, तिथे आता तुझ्याशिवाय आहे कोण?”

“अख्खं गाव आहे की.”

“अगं, ते सगळे दफनभूमीत आहेत!”

“मग? शेजार तो शेजारच.”

तो हसतो. फोन ठेवल्यावर मी रेडिओ लावते आणि मला झोप लागेपर्यंत बंद करत नाही.

२. ऐरण, हातोडे, चिमटे व भाता गावच्या रस्त्यावरील वेल्डर रे शात्स याला द्यावेत. हे सामान माझ्या आईच्या वडिलांचे, मथायस यांचे. आमची माणसे रशियातल्या ओडेसाजवळच्या जर्मन वस्तीच्या खेड्यातून इथे आली, तेव्हा या माळावर क्रूस करायला लाकूड नव्हते. म्हणून आजोबांनी गेलेल्या प्रत्येकासाठी लोखंडाचा क्रूस घडवला. कुणाच्या क्रूसावर सूर्य, कुणाच्या गुलाब. वाऱ्याने एखादा हात तुटला की रे येऊन जोडून देतो. म्युझियमवाले ऐरण मागायला दोनदा आले होते. त्यांना देऊ नये. काचेत ठेवलेली ऐरण ही ऐरण राहत नाही.

३. दफनभूमीलगतचे कुरण दफनभूमी समितीला द्यावे. सध्या समितीची अध्यक्ष, चिटणीस आणि एकमेव सभासद मीच आहे, त्यामुळे ठराव एकमताने होतात. माझ्यानंतर हे काम सबीना गोल्डाडे हिने पाहावे. कुरणाला नांगर लावू नये.

४. पिसांच्या सर्व रजया, लोखंडी चूल व माझा हिवाळी कोट याच सबीनाला द्यावा. याचे कारण लिहिलेच पाहिजे, कारण तिच्या नवऱ्याशी, क्लेमेन्सशी, मी कित्येक वर्षे बोलत नव्हते हे लिओला ठाऊक आहे. क्लेमेन्सने माझा कुत्रा गोळी घालून मारला होता. कुत्रा त्याच्या मेंढ्यांवर गेला नव्हता, हे मी आजही लेखी नोंदवते.

आमची माणसे आली त्या पहिल्याच हिवाळ्यात, ढेकळांच्या घरात, माझी आजी अपोलोनिया हिची दोन मुले घटसर्पाने गेली. नंतर एका सकाळी बर्फाचे वादळ चालू असताना ती शालसुद्धा न घेता चालत निघून गेली. बर्फ वितळल्यावर सापडली. ती आपल्या पायांनी मरणाकडे गेली, असे तेव्हाचे फादर म्हणाले आणि जीव देणाऱ्याला पवित्र जमिनीत जागा नाही म्हणून तिला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरले. क्रूस लावायलाही मनाई केली. आजोबांनी तो तरीही घडवला आणि भट्टीमागच्या भिंतीवर टांगला. गावात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी तो पाहिला. कुणाचा, असे कोणी विचारले नाही.

माझी आई रोझिना हे तिचे मागे उरलेले एकच मूल. ती दर वर्षी कुंपणाच्या अलीकडे उभी राहून पलीकडे बोलायची. पुढे मी तीन फादरांना तिला आत घेण्याची विनंती केली. तिघेही “बघू” म्हणाले. मग चर्च बंद झाले, घंटा उतरवून नेली आणि परवानगी मागायला कोणी उरलेच नाही. त्या शरदात मी पहार घेतली आणि कुंपणाचे खांब उपटायला लागले.

क्लेमेन्स ट्रॅक्टरवरून उतरून आला. “ओटिलिया, काय चाललंय? पलीकडची जमीन माझी आहे.”

“माहीत आहे. आजीपुरती घेतेय. पोलिसांना बोलवायचं तर बोलव.”

त्याने नुसते गवताकडे पाहिले. “आजीपुरती म्हणजे किती?”

“एका माणसाची.”

“काहीतरीच! माणसाला कूस बदलायला जागा लागते.” असे म्हणून त्याने माझ्या हातातली पहार घेतली आणि स्वतःच्या शेतात चांगला पल्ला आत जाऊन पहिला खड्डा खणला.

संध्याकाळपर्यंत कुंपण हलले. भिंतीवरचा क्रूस आणला. तो धरून उभा असताना क्लेमेन्स म्हणाला, “त्या कुत्र्याचं...”

“क्रूस सरळ धर,” मी म्हटले.

नंतर आम्ही फक्त हवापाण्याचे बोलत असू. आता तोही त्या कुंपणाच्या आतच पुरलेला आहे. सबीना अजूनही पिठाच्या गोळ्यांचे सूप घेऊन येते आणि मी भांडे रिकामे करेपर्यंत जात नाही. आठवड्यात माझ्यासमोर बसून जेवणारे तेवढेच एक माणूस.

५. कास्परच्या थडग्याच्या दगडावर माझे नाव आणि जन्मसाल आधीच कोरलेले आहे. ते राहू द्यावे. पण मला तिथे पुरू नये. कास्परच्या एका बाजूला आईवडील आहेत, दुसऱ्या बाजूला भाऊ. त्याला सोबत आहे. मला अपोलोनियाच्या शेजारी, क्लेमेन्सने सोडलेल्या जागेत ठेवावे. जमीन गोठलेली असल्यास कोठारात ठेवून वसंताची वाट पाहावी. फादर मिळाले तर ठीक, न मिळाले तर अडून बसू नये.

मात्र एक काम करावे. मी तिला कधी पाहिलेले नाही, आणि ती मला ओळखणार नाही. मला खाली उतरवताना तिथे जे कोणी असेल, त्याने मोठ्याने सांगावे: “अपोलोनिया, ही तुझ्या रोझिनाची मुलगी.”

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, समजून, त्यावर दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. सबीनाला व रेला यातून काही मिळणार असल्याने त्यांना साक्षीदार घेतलेले नाही.

सही: ओटिलिया फेटर

साक्षीदार:
डेलोरेस फाइस्ट, टपाल कार्यालय
आंतोन बोश, बियाण्यांचे दुकान

ठिकाण: सेंट वेंडेलिन, माझे स्वयंपाकघर
दिनांक: १४ ऑक्टोबर १९८६