‘राजदूत’ खोडताना

३ नोव्हेंबर, कुडवा, गोंदिया
मी लिहिलेल्या चरित्राची मुद्रितं तपासायला आली. ज्यांचं ते, त्या तैवानच्या बाईंबरोबर चार वर्षं गेली, दर पंधरवड्याला व्हिडिओ कॉलवर. त्या आधी शिक्षिका, मग नगरसेविका, मग संसदेत. निवडणूक हरल्या आणि सरकारनं परदेशी पाठवलं, तिथंच खरं आयुष्य. माझं इंग्रजी तोडकं, त्यांचंही, म्हणून जमलं.
मुखपृष्ठावर ‘एका राजदूताची गोष्ट’. बाईंना त्याचा फोटो पाठवला, अर्थही कळवला.

५ नोव्हें.
बाईंचा मेल. ‘मी राजदूत कधीच नव्हते. जिथं गेले तिथं आमच्या देशाला मान्यता नव्हती. मी फक्त प्रतिनिधी. तो शब्द काढा, नाहीतर माझी परवानगी नाही.’
चूक माझीच. पुस्तकभर ‘राजदूत’ मीच लिहिलंय. आपल्याकडे पडलेल्या आमदारालाही मरेपर्यंत आमदारसाहेब म्हणतात. बढती देऊनच बोलायची सवय. मान देतेय असं वाटलं होतं.

६ नोव्हें.
नागपूरला प्रकाशकांना फोन. “मॅडम, प्रतिनिधी म्हटलं तर लोकांना विम्याचा एजंट वाटेल. राजदूत नाही तर पुस्तक नाही.”
मी हसले. फोन ठेवल्यावर नाही.

९ नोव्हें.
थोरल्या जाऊबाई गावाहून आल्या, चुंगडीभर नवा तांदूळ घेऊन. त्या सरपंच, महिला राखीव. खुर्चीत त्यांचे यजमान, माझे भासरे, बसतात; सही जाऊबाईंची.
त्या कांदा चिरत होत्या, मी ‘राजदूत’ची भानगड सांगून पाचवं प्रकरण वाचून दाखवलं. तिथले मंत्री बाईंना कचेरीत भेटत नसत. मान्यता नाही ना. हॉटेलात चहाला बोलावत. असल्याच एका चहावर बाईंनी परक्या बंदरात अडकलेले खलाशी सोडवले.
“काऊन वं, एवढं काम केलं तिनं, आन् दारावर पाटी नाही?”
“नाही.”
“माह्या दारावर हाय. चहाच करून राहिली मी.”
स्वतःच मोठ्यानं हसल्या. मग सुरी थांबवून, “थे नाही म्हणते त कायले लिहून राहिली तू?”


१० नोव्हें.
सगळीकडचा ‘राजदूत’ खोडला. कोणासाठी हवा होता तो? बाईंसाठी, असं इतके दिवस… राजदूताचं चरित्र लिहिलं, हे गोंदियात सांगायला बरं वाटलं असतं. तेवढंच.

१४ नोव्हें.
प्रकाशक ठाम. परवापर्यंत कळवा म्हणाले. त्यांचंही खोटं नाही, पुस्तकं खपत नाहीत.
बाईंना खरं ते लिहिलं: तो शब्द नसेल तर पुस्तक बहुधा निघणार नाही. तो राहू द्याल का, असं विचारलं नाही. पण मेल तसाच वाचला जाणार, हे पाठवल्यावर कळलं. लाज वाटली.

१६ नोव्हें.
बाईंचं उत्तर. ‘मान्यता नाही म्हणून मी कधी काम थांबवलं नाही, आणि खोटी मान्यता कधी घेतली नाही. पुस्तक आलं नाही तर माझं काही अडत नाही. तुमचं?’
सकाळपासून ‘तुमचं?’ या एका शब्दापाशी.
अडतं, असं लिहिलं. पुसलं. नाही अडत, असं लिहिलं. तेही पुसलं.
मुदत आजची. प्रकाशकांचे दोन फोन येऊन गेले. आता तिसरा वाजतोय.