दुसरा पडताळा

केदारखेडा
सोमवार, २० जानेवारी १९७५

आले बाई एकदाची. जालन्याच्या एसटीनं हाडं खिळखिळी केली. राजूरला गाडी थांबली तेव्हा खिडकीतूनच गणपतीला हात जोडले आणि पदरात यश घाल म्हटलं. इथल्या नर्सबाई रजेवर गेल्यात, त्यांची खोली मला मिळालीय. दारात कडुनिंब, मागे विहिरीकडे जाणारी पायवाट आणि आत एक खुर्ची, जिच्या एका पायाखाली मी वीट लावली. पुण्यात कुणाला एवढं ऐसपैस मिळतं?

आजवर मी आकड्यांची माणूस. किती मुलं जन्मली, किती गेली, भागाकार केला की मोकळी. आमच्या संशोधन संस्थेतल्या भालचंद्र सरांना ते पसंत नाही. मुलं किती गेली ते कळलं, पण आई काय म्हणते ते कुठे कळलं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दुष्काळाच्या दोन वर्षांत इथल्या तान्ह्या मुलांचं काय झालं ते बायांच्या तोंडून ऐकायचं, टेपवर घ्यायचं आणि शब्दन् शब्द उतरवायचा. निघताना सरांनी तीन गोष्टी घोकून घेतल्या. हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असा प्रश्न विचारायचा नाही. बाई बोलता बोलता थांबली तर आपणही गप्प राहायचं आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. आणि एकीच्या सांगण्यावर विसंबायचं नाही, दुसरीकडून पडताळा घ्यायचा. मी आणि गप्प! आईला कळवलं तर ती आठवडाभर हसत बसेल.

शुक्रवार, २४ जानेवारी

पाच मुलाखती झाल्या आणि पाचही वाया. बायाच मला विचारतात, लग्न का नाही केलं, पुण्यात डाळ कशी मिळते. आज बेबीनंदा नावाची बाई लेकाच्या दुखण्याचं सांगताना थांबली. मी जेमतेम सातपर्यंत मोजलं आणि न राहवून म्हटलं, म्हणजे जुलाब झाले का? ती हो म्हणाली. मी तापाचं विचारलं असतं तरी हो म्हणाली असती. नंतर मात्र जीभ चावून दोनदा वीसपर्यंत गप्प बसले.

या गल्लीचा कारभार झुंबरबाईंच्या हातात आहे. त्यांनी मान हलवल्याशिवाय कुणाची सून माझ्यासमोर बसत नाही. त्यांची स्वतःची सून गिरिजाबाई मला रोज पाण्याची घागर आणून देते. बोलत काहीच नाही, नुसती टेपकडे बघते.

सोमवार, २७ जानेवारी

आज दुपारी गिरिजाबाई आपणहून आली. ओच्यात हरभऱ्याचे घाटे होते. मी टेप लावली. चटईवर बसून घाटे सोलत ती दुष्काळी कामाचं सांगू लागली. राजूरच्या रस्त्यावर खडी फोडायची, लेकरं बाभळीखाली ठेवायची. ती रडू नयेत म्हणून बाया त्यांना मोहरीएवढी अफू चाटवायच्या. सगळ्याच चाटवायच्या. एवढं बोलून ती थांबली.

मी वीस मोजले. पुन्हा वीस मोजले. मग ती म्हणाली,

"त्या दिशी जरा जास्त दिली, ताई. मुकादम वरडून राह्यल्ता. सांजच्याला उठवाया गेल्ते, तं उठलीच न्हाई."

तिची तिसरी मुलगी, नऊ महिन्यांची. घरी सगळ्यांना वाटतं तापानं गेली. हे कुणाला कळू देऊ नका म्हणाली. मी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला.

लाज वाटते पण लिहिते. ती गेल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की सर खूश होतील.

गुरुवार, ३० जानेवारी

पडताळ्यासाठी झुंबरबाईंकडे गेले. नाव अर्थातच घेतलं नाही. राजूरच्या कामावर एका बाईकडून तिसऱ्या मुलीला अफू जास्त दिली गेली असं कानावर आलं, तुम्हाला काही ठाऊक आहे का, एवढंच विचारलं. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबले. मी मोजत राहिले. वीस झाल्यावर त्या उठल्या आणि ज्वारी तशीच टाकून आत गेल्या.

वहीत मी लिहिलं : पडताळा मिळाला.

शनिवार, १ फेब्रुवारी

गिरिजाबाई सकाळी विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणतात.

मी तिथे जाऊन उभी राहिले. कुणीही मला काही बोललं नाही. बेबीनंदानं तर उन्हात उभी आहे म्हणून पाणी आणून दिलं. नाव घेतलं नव्हतं, नाव घेतलं नव्हतं, असं स्वतःला सांगत खोलीवर आले. कुठे तोंड लपवू?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बेबीनंदाची टेप उतरवत होते. ती थांबते आणि मी गप्प राहते, तिथे टेपवर कुणीतरी मोजतंय. खडीच्या पाट्या मोजतात तसं, दमानं. येक, दोन, तीन. वीस झाले की बंद.

आवाज गिरिजाबाईचा आहे. ही मुलाखत झाली तेव्हा ती जिवंत होती आणि पाण्याला गेली होती. मी मनात मोजत होते, टेपवर काहीच यायला नको.

बाकीच्या टेपा लावल्या. जिथे जिथे मी गप्प आहे तिथे ती मोजते आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

भर दुपारी दोन वाजता. चटईवर, त्या दिवशी बसली होती तिथेच. लुगडं ओलं. रागावलेली नाही. हनुवटी जरा खाली घेऊन माझ्याकडे बघत होती. मुलाखत घेताना मी बघते तसं.

पळत एसटीच्या थांब्यावर गेले. जालन्याची गाडी आली, आणि मी चढले नाही. टेपा खोलीत राहिल्या होत्या. अजूनही मला त्या टेपा हव्या होत्या. थू माझ्या जिण्यावर.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पुन्हा दोन वाजता. मी म्हटलं, माझं चुकलं, गिरिजाबाई, माझ्या तोंडून गेलं.

ती हलली नाही. पहिलं उत्तर वरवरचं असतं, थांबायचं, असं सर शिकवतात. तिलाही ते कळलंय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज सांगितलं. तोंडून गेलं नव्हतं. तिसरी मुलगी गेलेली त्या गल्लीत एकच घर. झुंबरबाई ओळखतील हे मला माहीत होतं. तरी विचारलं — पडताळा हवा होता म्हणून.

तिनं ऐकलं. आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. अजून राहिलंय, हे तिला माहीत आहे —

रविवार, ९ फेब्रुवारी

टेप आपोआप सुरू झाली आहे. मी बोलणार नाही. लिहीन — बोलणार नाही.

चटईवर नाही आता. खुर्चीजवळ. वहीवर पाणी ठिबकतंय.

पंधरा. सोळा —

लिहिते. थांब. लिहिते.

शुक्रवारी, ३१ तारखेला. दुपारी. झुंबरबाईंनी घराबाहेर काढल्यावर ती इथेच आली होती. या दारात. कडी वाजवली, तीनदा. मी आत होते. तिचीच टेप उतरवत होते — शेवटचं पान राहिलं होतं — टेप बंद केली. श्वास रोखला. खोलीत कुणी नाही असं वाटावं म्हणून. आणि मनात मोजायला लागले. वीस होईपर्यंत ती जाईल —

चौदाला ती दाराला तोंड लावून म्हणाली —

"ताई, तुमी आत हाय, मला ठावं हाय. मला फकस्त आजच्या दिवस आत —